अब्बांनी ऐकलेला ब्रेक

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. कोलोरॅडोत आय-70 वर आयझेनहॉवर बोगदा आहे, 11,000 फुटांपेक्षाही उंचावर. त्यातून आम्ही डेन्व्हरच्या बाजूला बाहेर पडलो की पुढे उतारच उतार. पिकअपमध्ये मी, बायको, दोन मुलं आणि मिरजेहून आलेले अब्बा. मागे चोवीस फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीला जोडून ओढत न्यायचं चार चाकांवरचं घर. पलंग, शेगडी, मोरी, सगळं त्यात. भरल्यावर तीन टनांच्या आसपास जातं.

पहिल्या मोठ्या उतारावर ब्रेक दाबला आणि मागून कोणीतरी ढकलल्यासारखं झालं. गिअर खाली आणला, पुन्हा दाबला. पिकअप थांबायला बघत होती, ट्रेलर नव्हता बघत. ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी रस्त्याच्या कडेला खडीचे चढ बांधलेत, त्यांच्याकडे मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं. थोड्या वेळाने गाडीत जळका वास आला. मुलीने विचारलं, कसला वास? मी म्हटलं, समोरच्या ट्रकचा. समोर ट्रक नव्हता.

अब्बा काही बोलले नाहीत. खाली पोचल्यावर पेट्रोलपंपावर उतरले, पिकअपच्या पुढच्या चाकाजवळ दुरूनच तळवा धरला, मग ट्रेलरच्या चारही चाकांजवळ. परत येऊन एवढंच म्हणाले, "पुढचं चाक भाजतंय. मागची चारही थंड आहेत. कधीपासून?"

मे महिन्यापासून. हे मी त्यांना सांगितलं, पण बायकोला तीन महिने "ठीक आहे" म्हणत आलो होतो ते राहूनच गेलं. ती शेजारी उभी होती, त्यामुळे तेही वेगळं सांगायची गरज उरली नाही.

ट्रेलरच्या या ब्रेकमध्ये तेल नसतं, हवा नसते. ड्रमच्या आत एका दांडीच्या टोकाला विद्युतचुंबक असतो. तुम्ही पिकअपचा ब्रेक दाबला की डॅशबोर्डवरचा कंट्रोलर त्या चुंबकाला करंट देतो. चुंबक फिरत्या ड्रमला चिकटतो, ड्रम त्याला आपल्याबरोबर ओढतो, दांडी हलते आणि ब्रेक शू बाहेर ढकलले जाऊन ड्रमला घासतात. किती करंट द्यायचा ते कंट्रोलरवरच्या आकड्याने ठरतं, त्याला गेन म्हणतात. माझा मे महिन्यात पाचावर होता. ब्रेक ढिला वाटला, मी सहा केला. जूनमध्ये साडेसात. त्या उतारावर तो साडेनऊवर होता. दर वेळी आकडा वाढवला की आठवडाभर बरं वाटायचं, आणि मला वाटायचं की मी दुरुस्ती केली. अधूनमधून एका दुकानात दाखवलं तर त्यांनी कंट्रोलर बदला म्हणून सांगितलं, चाक उचलून कोणी पाहिलं नाही. पण दुकानाला नावं ठेवण्यात अर्थ नाही, मीही उचलून पाहिलं नव्हतं.

अब्बा एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य घालवून निवृत्त झाले. एसटीचे ब्रेक हवेचे, हे विजेचे. असला ब्रेक त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. पण ड्रम तो ड्रम आणि लायनर ते लायनर. मला त्यांनी कधी पान्याला हात लावू दिला नाही, "तू पुस्तक धर" म्हणायचे. आता गुडघ्यांमुळे त्यांना खाली वाकता येत नाही. शनिवारी सकाळी ड्राइव्हवेमध्ये खुर्ची टाकून ते बसले आणि मी ट्रेलरखाली गेलो.

आधी वीज. मुलाला पिकअपमध्ये बसवून कंट्रोलरची हाताने दाबायची कळ पूर्ण दाबून धरायला सांगितली. ट्रेलरच्या सात पिनांच्या प्लगमधली निळी तार ब्रेकची. तिच्यावर डीसी करंट मोजणारा क्लँप मीटर लावला. एका चुंबकाला साधारण तीन अँपिअर, चारांना बारा लागतात. मीटर आठावर. चाकापाशी व्होल्ट मोजले, तेही आठच. इथे मी आधी एकदा फसलो होतो: चुंबकाची तार सोडवून मोजलं होतं तेव्हा बारा व्होल्ट दिसले होते आणि मी खूश झालो होतो. करंट वाहत नसेल तर कुजकी तारही पूर्ण व्होल्ट दाखवते. मोजायचं ते चुंबक जोडलेला असताना.

"अर्थिंग बघ," अब्बा खुर्चीतून म्हणाले. पांढरी तार चॅसीला बोल्टने कसली होती, त्या बोल्टखाली गंजाची पापडी. घासून स्वच्छ केलं, नवीन टोक दाबून बसवलं. अकराच्या वर व्होल्ट आले.

मग चाकं. जॅक ॲक्सलच्या नळीखाली नाही, चॅसीखाली लावायचा; नळी वाकते. उरलेल्या चाकांना अडण्या. ब्रेकच्या मागच्या पत्र्यात खाली एक रबरी बूच असतं, ते काढलं की आत दातेरी चाकी दिसते. वाकड्या चपट्या हत्याराने तिचे दात एकेक करून सरकवायचे, शू ड्रमच्या जवळ येतात. चाक हाताने फिरेनासं होईपर्यंत कसायचं आणि मग सोडत यायचं, ते मोकळं फिरेल पण हलकं घासत राहील इथपर्यंत. हे ब्रेक आपोआप घट्ट होणारे नाहीत. साधारण तीन हजार मैलांनी एकदा कसावे लागतात. मी दोन वर्षांत एकदाही कसले नव्हते. पहिल्या चाकाला किती दात सरकवले ते मोजायचं मी वीसनंतर सोडून दिलं.

"हलकं घासत राहील" म्हणजे किती, हे मी वाचून समजलो होतो असं मला वाटत होतं. मी चाक फिरवायचो आणि अब्बा डोळे मिटून ऐकायचे. "दोन सोड." फिरवलं. "एकाच जागी घासतंय, पुन्हा फिरव, शू बसू दे." फिरवलं. "हं. आता सगळीकडून सारखं येतंय." मला पहिल्या दोन चाकांना काहीच फरक कळला नाही. तिसऱ्याला कळला, आणि मी त्यांच्याआधी "अजून एक" म्हणालो. ते काही बोलले नाहीत, पण खुर्ची थोडी पुढे सरकवली.

चौथं चाक, मागचं डावं, कितीही कसलं तरी आवाज गुळगुळीतच. अब्बा म्हणाले, ड्रम काढ. काढला. लायनर ग्रीसने काळंभोर, चमकत होतं.

ते ग्रीस माझं होतं. एप्रिलमध्ये मी हौसेने ॲक्सलच्या टोकाच्या निपलमधून ग्रीसगन मारली होती. चाक न फिरवता, भराभरा, पुढून नवीन ग्रीस बाहेर येईपर्यंत. ते मागचं सील ओलांडून ड्रममध्ये गेलं. म्हणजे मे महिन्यापासून जे बिघडलं होतं त्याचा एक वाटा गंजाचा, एक आळसाचा आणि हा एक माझ्या हाताचा. मी पुसायला फडकं घेतलं तर अब्बांनी हात वर केला. "ग्रीस प्यायलेलं लायनर पुसून होत नाही. पुसून गाडी सोडणारे मी पाहिलेत." ते कोण आणि पुढे काय झालं, हे मी विचारलं नाही. त्यांचा चेहरा पाहून विचारवलं नाही.

त्या ॲक्सलच्या दोन्ही बाजूंचे ब्रेक बदलले. एकाच बाजूचा बदलला तर ट्रेलर एकीकडे ओढतो. शू आणि चुंबकासकट अख्खी प्लेट तयार मिळते, काही बोल्ट आणि दोन तारा, झालं. नवीन सील टाकलं. लायनरची भुकटी फुंकायची नाही, जुन्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून स्प्रेने ओली करून पुसली.

रविवारी एका शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गेलो. ताशी वीस मैलांवर नुसती कळ दाबली, पिकअपचा ब्रेक नाही. ट्रेलरने मागून धरून ठेवलं. चाकं लॉक होत नाहीत आणि तरी जोर लागतो, असा आकडा शोधत गेन साडेपाचावर आला. मग नवीन लायनर बसण्यासाठी चाळीसवरून वीसवर आणायच्या फेऱ्या, वीसपंचवीस वेळा, बाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर. बायको शेजारी बसली होती. दहाव्या फेरीला तिने विचारलं, "आता खरंच ठीक आहे?" मी म्हटलं, अजून तपासायचंय.

थांबल्यावर अब्बा उतरले आणि चारही चाकांजवळ तळवा धरत फिरले. पहिलं कोमट. दुसरं कोमट. तिसरंही. मागच्या डाव्यापाशी ते जरा जास्त वेळ उभे राहिले.

"हे अजून मागे आहे," ते म्हणाले. "नवीन आहे, बसेल. दोनशे मैल चालव आणि पुन्हा कस. तोवर डोंगरात जायचं नाही."

सप्टेंबरमध्ये ते मिरजेला परत गेले. दोनशे मैल झाले तेव्हा मी ट्रेलरखाली पडून व्हिडिओ कॉल लावला आणि फोन चाकाजवळ धरला. पलीकडून आवाज आला, "पंखा बंद करा रे जरा."