प्रमाण आण, पाकिटं नकोत

चि. ऋचास,


रटगर्समध्ये तुझा प्रवेश पक्का झाल्याचं ताईने फोनवर सांगितलं आणि त्याच दमात तुझ्या सामानाची यादी वाचली. आंबेमोहर, कढीपत्ता, पोहे, साबुदाणा, भाजणी, गोडा मसाला, लोणच्याच्या दोन बरण्या! 23 किलोंच्या दोन बॅगांत तुझे थंडीचे कपडे कुठे बसणार, हा प्रश्न काही तिला पडलेला दिसला नाही. म्हणून माझी ही लुडबूड.

आधी तांदूळ खोड. आपल्याकडून येणाऱ्या प्रवाशाच्या सामानातला तांदूळ अमेरिकेत 2011 पासून चालत नाही. खपरा नावाचा धान्यातला भुंगेरा त्यातून येईल, ही धास्ती. कढीपत्ताही नको. तो लिंबू-संत्र्याच्या कुळातला. नागपुरी संत्र्याला छळणारी सायला कीड त्याच्या पानांवरही पोसते आणि झाडांना रोग लावते. 2005 मध्ये तो रोग फ्लोरिडात आढळला आणि पुढे तिथल्या बागांची धूळधाण झाली. बाकी जे आणशील ते कस्टम्सवर सरळ सांग. सांगितलंस तर फार तर काढून घेतील, लपवलंस तर दंड भरशील.

आता दुकानांचं. तुझ्या न्यू ब्रन्सविकपासून एडिसन जवळच. तिथल्या ओक ट्री रोडवर जाडे-पातळे पोहे, साबुदाणा, राजगिरा सगळं मिळतं. उपासाची वरी ‘मोरैयो’ लिहिलेल्या पाकिटात शोध, कारण ही फडताळं आपण नाही, गुजराती दुकानदारांनी मांडलेली आहेत. पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान 1974 मध्ये शिकागोच्या डेव्हॉन अव्हेन्यूवर निघालं, आणि अशाच दुकानांच्या वळचणीला आपलाही संसार लागला. गुजराती डाळीत कोकम पडतं, म्हणून आपल्या सोलकढीची आयती सोय झाली. मालवणी काळे वाटाणे मागणारे मात्र थोडे, त्यामुळे ते दिसतीलच असं नाही. दुकानदाराला नावं ठेवू नकोस. खपणार नाही ते तो कशाला मागवेल?

एकाच दुकानावर भिस्तही ठेवू नकोस. केळीची पानं लॅटिन अमेरिकन दुकानाच्या फ्रीजरमध्ये असतात, अळूची पानं चिनी दुकानात बघ. आणि फ्रोझन खोवलेला नारळ ज्याने काढला त्याचे परदेशातल्या समस्त कोकण्यांवर उपकार आहेत.

हापूसची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. फळमाशी आणि कोयीतला भुंगा यांच्या भीतीने अमेरिकेने आपला आंबा वर्षानुवर्षं अडवून धरला होता. 2007 मध्ये दार उघडलं ते विकिरणाच्या अटीवर. आंब्याला निदान 400 ग्रे मात्रा द्यायची, म्हणजे आत किडा असलाच तरी त्याची पैदास होत नाही. त्यासाठी पहिल्यांदा उपयोगी पडलं ते लासलगावचं, कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून उभारलेलं केंद्र! पुढे करोनाच्या काळात अमेरिकी निरीक्षक येऊ शकेनात, तेव्हा आंबाही थांबला. तो 2022 मध्ये पुन्हा सुरू झाला. शिवाय तो बहुतेक येतो विमानाने, त्यामुळे पेटीची किंमत ऐकून आधी खाली बसावं लागतं. तुझ्या विद्यार्थीदशेत आमरस डब्यातलाच खा, बिघडत नाही.

एवढं सगळं मिळतं म्हटल्यावर आणायचं काय? जे दुकानात येऊच शकत नाही ते. तयार गोडा मसाला इथेही मिळतो, पण त्याची आमटी आपल्या घरची होत नाही. आणि घरचा मसाला बांधून आणलास तरी दिवाळी उलटेपर्यंत त्याचा वास उतरतो. मग दर वेळी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बॅगेकडे डोळे लावून बसायचं. मीही बरीच वर्षं बसले. खरं तर धणे, तीळ, सुकं खोबरं, दगडफूल, नागकेशर, सगळं इथे सुटं मिळतं. मिळत नाही ते एवढंच, की आपल्या घरी त्यातलं काय किती घेतात आणि कोणता जिन्नस कुठवर भाजतात. भाजणीचंही तेच. म्हणून पाकिटांऐवजी प्रमाण आण. ते बॅगेत जागा खात नाही, त्याला कीड लागत नाही आणि कस्टम्सवाला ते काढून घेत नाही.

तेव्हा निघण्याआधी एकदा ताईबरोबर मसाला करायला बस. किती, असं विचारलंस की ती म्हणेल, “अगं, अंदाजाने.” तिथे ऐकू नकोस. तिच्या मुठीतलं आधी काट्यावर घ्यायला लाव, ग्रॅममध्ये लिही आणि मगच कढईत जाऊ दे. इथे आल्यावर भाजताना मात्र खिडकी उघडी ठेव, नाहीतर धुराचा भोंगा वाजून अख्खी इमारत खाली उतरेल.

आणि लिहिलंस की एक प्रत मलाही पाठव. आईच्या वेळी मी लिहून घेतलं नव्हतं.

तुझी,
मावशी