बदाम सातचा जोकर

परवा नोएडात एका मित्राकडे ‘मॅजिक’ हा पत्त्यांचा खेळ खेळायला जमलो होतो. नव्यानेच येऊ लागलेल्या एका मुलाने माझा पत्ता उचलून मोबाइलच्या टॉर्चसमोर धरला आणि म्हणाला, “अंकल, ये तो नकली है.” डाव मांडण्याआधीच मी सगळ्यांना सांगितलं होतं की माझ्या डेकमधले काही पत्ते प्रॉक्सी, म्हणजे अस्सलच्या जागी स्वतः छापलेले आहेत. तरी तो शब्द लागला. अजून लागतो आहे.

अस्सल पत्त्यात कागदाच्या दोन थरांमध्ये एक गडद थर असतो, त्यातून उजेड कमी झिरपतो. माझे पत्ते चावडी बाजारातून आणलेल्या जाड आर्ट कार्डवर छापलेले, 63 बाय 88 मिलिमीटरला कापलेले. उजेडात ते उघडे पडणारच. पण सगळ्यांवर एकसारख्या स्लीव्ह आहेत. पाठीवरून कुठलाही पत्ता ओळखू येऊ नये आणि तोंडाकडून प्रत्येक पत्ता सगळ्यांना नीट वाचता यावा, याहून जास्त मी प्रॉक्सीकडून मागत नाही.

हे मला आईने शिकवलं. आम्ही दिल्लीत रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो आणि उन्हाळ्यात झेलम एक्स्प्रेसने पुण्याला जायचो. इटारसीच्या पुढे कधीतरी, उघड्या खिडकीतून बदाम सत्ती उडून गेली. आम्ही खेळत होतो बदाम सात! त्यात पहिली उतारी त्याच पत्त्याची. तो नाही तर पुढचं काहीच नाही. धाकटा भाऊ रडायला लागला. आईने कॅटमधला जोकर काढला, पर्समधल्या पेनाने त्याच्या पोटावर ‘बदाम 7’ लिहिलं आणि पत्ते पिसायला घेतले. जोकरची पाठ इतर पत्त्यांसारखीच होती. समोरच्या बर्थवरच्या सरदारजींनीही हात वाटून मागितला.

अस्सल पत्ता म्हणजे तरी कोणता? बाबराने 1527 साली सिंधमध्ये शाह हसनकडे गंजिफा, म्हणजे त्या काळचे खेळायचे पत्ते, पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. मित्राच्या घरून मेट्रोने परतताना हेच डोक्यात घोळत होतं. पुढे ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फजल जुन्या गंजिफातले बारा रंग सांगतो आणि अकबराने त्यांत काय काय बदललं तेही लिहितो. बादशहाने स्वतःच्या मनासारखे पत्ते करून घेतले, ते अस्सलच ठरले. आपल्याकडे तर त्या खेळात दशावतार आले: मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक ते दहा, असे 120 गोल पत्ते. सावंतवाडीचे चितारी ते हातांनी रंगवत. फडक्याचे थर चिंचोक्यांच्या खळीने चिकटवायचे, वर खडूचा लेप, घोटाई, रंग, शेवटी लाख. त्यातला प्रत्येक पत्ता हातचाच.

आणि इकडे ‘मॅजिक’! खेळ 1993चा. काही जुने पत्ते पुन्हा छापणारच नाही, असं तो छापणाऱ्या कंपनीने 1996 मध्ये जाहीर केलं. पत्ते फाटत, हरवत राहिले आणि किमती चढत गेल्या. 2022 मध्ये त्याच कंपनीने त्यातल्या कित्येक पत्त्यांच्या प्रतिकृती वेगळ्या पाठीने छापल्या: 60 पत्ते, 999 डॉलर, आणि अधिकृत स्पर्धेत ते चालणार नाहीत. मला याचा राग आहे. पगारातून घरभाडं भरणाऱ्या माणसाने खेळायचंच नाही का? स्पर्धेत प्रॉक्सी नको, हे मला मान्य आहे. विकत घेणाऱ्याला अस्सल म्हणून प्रॉक्सी खपवणं ही तर चोरीच. पण चार मित्रांच्या टेबलावर, सांगून ठेवलेला कागद कोणाला फसवतो?

सावंतवाडीत मी एकदा राजवाड्यात जाऊन आलो आहे. तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवींनी गंजिफा रंगवण्याची कला जगवली. राजेसाहेब स्वतः वृद्ध पुंडलिक चितारींकडून ती शिकले. तिथे बसून रंगवणाऱ्या बोटांकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. पण विकत घेणाऱ्यांपैकी एकानेही डाव कसा मांडतात ते विचारलं नाही. पत्ते चौकटीत बसवून भिंतीवर टांगायला चालले होते.

म्हणून आता मी गंजिफाच छापतो आहे. साधे चौकोनी पत्ते, स्लीव्हमध्ये मावणारे. कूर्माला कासव, परशुरामाला परशू, वामनाला कमंडलू. चित्रं माझीच, ओबडधोबड. निम्म्या रंगांत दहा वरचढ आणि उरलेल्यांत एक्का, हे आईला फोनवर समजावताना माझीच दमछाक झाली. पण पहिल्या उतारीचा नियम तिला फार आवडला. दिवसा खेळायला बसलं तर रामाचा राजा ज्याच्या हातात असेल त्याने सुरुवात करायची आणि रात्री कृष्णाचा राजा असलेल्याने.

“आणि तिन्हीसांजेला बसलात तर?” तिने विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच निकाल दिला, “तिन्हीसांजेला पत्ते कसले खेळताय? आधी दिवा लावा.”