सॅकची खोळ

आगगाडीच्या प्रवासात वळकटी आणि ट्रंक निदान डोळ्यांसमोर असत. लाल सदऱ्यातला हमाल पुढे आणि आपण धापा टाकीत मागे. पण सामान दिसत तरी असे! विमानाचे तसे नाही. सॅकला कागदी पट्टी लागली आणि रबरी झडपेआड ती दिसेनाशी झाली, की पुढे तिच्यावर काय गुदरते ते तिचे तिलाच ठाऊक.

एव्हरेस्टच्या पायथ्याशी जाणाऱ्या मंडळींनी तर याचा आधीच विचार केलेला बरा. मुंबईहून काठमांडू, आणि तेथून (गर्दीच्या हंगामात पुष्कळदा रामेछापहून) चिमुकल्या विमानाने लुकला. २,८०० मीटरहून अधिक उंचीवरची ही धावपट्टी अवघी ५२७ मीटर लांब, आणि तीही चढाची! तेथे उतरले की पुढचा सारा प्रवास पायांवर. पन्नाशी उलटलेल्या गुडघ्यांना उतरणीवर काठीचाच आधार. नवी काठी लुकल्यात किंवा नामचे बाजारात मिळेलही; पण अंगाला बसलेली सॅक कोठून आणणार?

सॅकचे खरे वैरी म्हणजे तिचेच लोंबते बंद. एखादा बंद सरकत्या पट्ट्याच्या सांध्यात अडकला, की पट्टा थांबत नाही, बंद तुटतो. आमच्याबरोबरच्या एका काकूंची सॅक काठमांडूला आली ती कमरेचे बकल गमावून. ठामेलच्या बाजारात दुसरे मिळाले म्हणून निभावले. तेव्हा खांद्याचे बंद आखडून घ्यावेत, कमरपट्टा उलट बाजूला वळवून सॅकलाच आवळून बांधावा, आणि उरलेली टोके आत खोचावीत.

त्यावर खोळ हवी. पावसाळी आवरण पाण्यापुरते ठीक. ओढाताणीपुढे ते टिकत नाही. विमानतळावर पैसे मोजून प्लास्टिक गुंडाळून घेणारेही आहेत. पण तपासणीसाठी सॅक उघडली, की तो पोशाख फाटलाच! त्यापेक्षा जाड सुती कापडाची खोळ शिवून घ्यावी. आमच्या कोपऱ्यावरच्या शिंप्याने मापे ऐकून विचारले, "वहिनी, गादीची की हत्तीची?" त्याला म्हटले, हत्तीचीच समजा, पण लांब चेन लावा आणि दणकट मूठ शिवा. मूठ नसली तर उचलणारा कापडालाच हात घालतो. लुकल्याच्या विमानात हातातल्या पिशवीसकट साधारण १५ किलोच नेऊ देतात. खोळीचे वजन त्यात कशाला? ती काठमांडूच्या हॉटेलात ठेवावी.

काठ्या सॅकच्या बाहेर बांधण्याची हौस विमानापुरती आवरावी. सुरक्षा तपासणीत त्या अडण्याचाच संभव फार, म्हणून हातात नेण्याचाही मोह नको. सांधे सुटे करावेत, खालच्या चकत्या काढाव्यात, टोकांना रबरी टोप्या किंवा बाटलीची बुचे बसवावीत, आणि लोकरी कपड्यांत गुंडाळून सॅकच्या मधोमध उभ्या ठेवाव्यात. अॅल्युमिनियमची काठी वाकते, ते दिसते तरी. कार्बनच्या काठीला आडवा मार बसला तर बारीक चीर नजरेला येत नाही, आणि ती मोडते ती नेमकी भर उतारावर.

मोबाइलची जादा बॅटरी हातातल्या पिशवीत हवी. गॅसचा डबा मात्र कोठेच चालत नाही. बूट पायांत घालावेत आणि औषधे जवळ ठेवावीत. सॅक उशिरा आली तरी चालणे थांबायला नको.

सॅक देण्यापूर्वी तिचा फोटो काढावा. मोडतोड दिसली तर विमानतळ सोडण्यापूर्वीच खिडकीवर नोंद करून कागद मागून घ्यावा. मुंबई-काठमांडू प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. त्याप्रमाणे सामान हाती आल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. घरी येऊन शेजारणीला सांगितलेली तक्रार त्यात धरत नाहीत!

परतीला काठ्यांचे सांधे सुटे करून धुवावेत आणि हॉटेलच्या गच्चीवर वाळवून मगच बांधावेत. चिखलासकट मिटलेली काठी पुढच्या वर्षी दोघांनी ओढली तरी उघडत नाही.