वाघ, भज्जी आणि वीस गुंठे

‘तुमच्याकडे बघण्यासारखं काय आहे?’

पुण्यात नवी ओळख झाली आणि मी धाराशिव जिल्ह्यातली आहे असं सांगितलं, की हा प्रश्न हमखास येतो. मग मी तुळजाभवानी सांगते, नळदुर्गचा किल्ला सांगते. तिसरं काही सुचायच्या आत समोरचाच म्हणतो, ‘आणि दुष्काळ!’ सगळे हसतात. मीही हसते. (२०२३मध्ये उस्मानाबादचं अधिकृतपणे धाराशिव झालं. जोक मात्र तोच राहिला.)

डिसेंबर २०२४मध्ये सीन एकदम बदलला. येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात ट्रॅप कॅमेऱ्यासमोर चक्क पट्टेरी वाघ आला! यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालत, शेतं-रस्ते-नद्या ओलांडत पठ्ठ्या आमच्याकडे पोचला होता. अख्खं अभयारण्य २२.३७ चौरस किलोमीटरचं. नर वाघासाठी हे म्हणजे वन रूम किचन! पुढे २०२५ उजाडल्यावर त्याला पकडायला पथक आलं, त्यालाही त्याने महिनोन्‌महिने हुलकावणी दिली. पण तेव्हाच, डिसेंबरातच, एरवी माझ्या मेलला उत्तर न देणाऱ्या तीन संपादकांचे आठवड्याभरात फोन आले. तिघांचा प्रश्न एकच, ‘फोटो मिळेल का?’

फ्रीलान्सर माणसाला आणखी काय हवं? मी रात्रीच्या ट्रॅव्हल्सची सीट बुक केली. तशीही मी जाणारच होते, कारण ३० डिसेंबरला येळवस होती.

येळवस म्हणजे काय, हे लातूर-धाराशिवच्या बाहेर समजावून सांगावं लागतं. मार्गशीर्षातली अमावस्या, वेळ अमावस्या. शब्द कानडीतून आलेला. त्या दिवशी अख्खं गाव रानात असतं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत पांडव मांडून पूजा करायची, आणि मग जेवायचं. ज्याला शेत नाही त्यालाही कुणाच्या तरी शेतात आमंत्रण असतंच. जेवणात बाजरीचे उंडे, बिंदगीतलं आंबील, गव्हाची खीर आणि या सगळ्यांची महाराणी म्हणजे भज्जी. (तळलेली भजी नव्हे हं!) तुरीचे, वालाचे, पावट्याचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, मेथी, चाकवत, करडईची कोवळी पानं, पातीचा कांदा, गाजर, बोरं, रानात त्या वेळी जे जे असेल ते सगळं चिंचेच्या कोळात आणि बेसनात शिजवायचं. आमची आजी म्हणायची, भज्जी चाखली की शेत कसं आहे ते कळतं.

माझ्या लॅपटॉपमध्ये गावी जायचं आणखी एक कारण होतं. निसर्गसंवर्धनाचं काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेत कम्युनिकेशनची पोस्ट निघाली होती. परदेशात पोस्टिंग, डॉलरमध्ये पगार वगैरे. त्यासाठी मोटिव्हेशन लेटर लिहायचं होतं. मी सुरुवात अशी केली होती: ‘मी अशा जिल्ह्यातून येते, जिथे जैवविविधता नावाला उरलेली नाही.’ वाक्य मला सॉलिड वाटलं होतं. आता त्यात वाघ कुठे घुसवायचा, एवढाच प्रश्न होता.

पत्राला जरा वजन यावं म्हणून मी जुनी आंतरराष्ट्रीय पारितोषिकं चाळत बसले. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम, म्हणजे यूएनडीपी, २००२पासून ‘इक्वेटर प्राइझ’ देते. निसर्ग राखता राखता पोट भरण्याची वाट शोधणाऱ्या स्थानिक समूहांना. मला वाटलं, अ‍ॅमेझॉनमधले आदिवासी असतील, आफ्रिकेतले मच्छीमार असतील. ते होतेच. पण २०१६च्या पंधरा विजेत्यांमध्ये एक नाव होतं, स्वयम् शिक्षण प्रयोग. कशासाठी? मराठवाड्यातल्या शेतकरी बायकांच्या कामासाठी. त्या वर्षीचा सोहळा मोरोक्कोतल्या मराकेशला झाला, जागतिक हवामान परिषदेच्या वेळी.

मराठवाडा! म्हणजे आमचं घर! मी चार वेळा वाचलं.

मग वाचतच गेले. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला, तेव्हा घरं पुन्हा उभी करताना गावागावातल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आणलं गेलं. त्या कामातून ही संस्था उभी राहिली. प्रेमा गोपालन यांनी ती उभी केली, २०२२मध्ये त्या गेल्या. तुळजापूर तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे याच कामातून पुढे आल्या आणि परदेशातल्या परिषदांमध्ये जाऊन शेतीवर बोलल्या. दुष्काळाच्या वर्षांत या बायकांनी एक साधी गोष्ट केली. घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर नवऱ्याकडून मागून घेतला. सातबाऱ्यावर नाव नाही, काही नाही. फक्त तिथे काय पेरायचं ते बाई ठरवणार. त्यात एकच पीक नाही. डाळी, भरडधान्यं, पालेभाज्या, शेंगा, सगळं थोडं थोडं. शेणखत घरचं, पाणी ठिबक-तुषारने मोजून. आधी घरात खायचं, उरलं तर बाजारात. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते वर्षही २०१६च. त्याच वर्षी जगाने आमच्या शेजारणींना बक्षीस दिलं आणि मास कॉम शिकायच्या तयारीत असलेल्या मला त्याचा पत्ताही नव्हता!

गावी पोचले, तर आई बाजारातून आणलेल्या पिशव्या सोडत होती. वाटाणा, पावटा, गाजर, मेथी. सगळं कळंबच्या बाजारातलं.

‘आपल्या रानातलं काय आहे यात?’ मी विचारलं.

‘हरभरा. अन् बांधावरची चिंच.’

आमचं चार एकर रान. पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात हरभरा. गेली कित्येक वर्षं हेच. मी उत्साहात मराकेशची गोष्ट सांगायला लागले. तिने मेथी निवडता निवडता अर्ध्यातच थांबवलं. ‘एक एकरवालं ना ते? म्हाईत हाय की. आपल्या गटातल्या बाया जाऊन आल्या होत्या ट्रेनिंगला. मीबी गेले होते.’

‘मग?’

‘मग काय. अण्णांना मागितला होता एकर. २०१७ साली.’

‘दिला नाही?’

तिने माझ्याकडे बघितलंही नाही. ‘तुझी फी होती की गं त्या साली.’

खरं सांगू? त्यानंतर किती तरी वेळ मी नुसती मेथी निवडत बसले. २०१७ म्हणजे माझं मास कॉमचं पहिलं वर्ष. फी, होस्टेल, मेस. सोयाबीन ऑक्टोबरात निघतं, आडतीवर नेलं की रोख पैसा. मूग-मटकीने फी भरता येत नाही. ‘जैवविविधता नावाला उरलेली नाही’ हे इंग्रजीत लिहायला मी ज्या पैशांतून शिकले, त्यात आईने मागितलेला तो एकर होता.

दुसऱ्या दिवशी रानात निघताना गावात वेगळाच माहोल होता. वाघाच्या भीतीने सगळे घोळक्याने, हातात काठ्या घेऊन, पोरांना मधे घालून. अंधाराच्या आत घरी परतायचं असं ठरलेलं. मी मोबाइलवर फोटो काढत होते. वाघ सोडून सगळ्यांचे फोटो मिळाले.

जेवणं झाल्यावर कोपीच्या सावलीत मी अण्णांसमोर लेक्चर सुरू केलं. तयारी करूनच गेले होते! म्हटलं, अण्णा, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेचा २०१९चा अहवाल आहे. माणसाने खाण्यासाठी साधारण ६००० वनस्पती लावल्या, त्यातल्या आज दोनशेही धड कामाच्या उरल्या नाहीत, आणि जगातलं ६६ टक्के पीक उत्पादन फक्त नऊ पिकांतून येतं. त्या नवांत तुमचं सोयाबीन आहे, अन् कारखान्याचा ऊसपण आहे. डिसेंबर २०२२मध्ये माँट्रियलला सगळे देश बसले, तेवीस उद्दिष्टं ठरवली. पेपरांनी छापलं ते तिसरं, पृथ्वीचा ३० टक्के भाग २०३०पर्यंत राखायचा ते. पण दहावं उद्दिष्ट शेतीचं आहे, म्हणजे आपल्या या रानाचं.

अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘मुगाच्या शेंगा तोडायला बाया त्या माँट्रियलहून आणायच्या का?’

आणि यात त्यांचं चुकलं कुठे? सोयाबीन कापलं, मळणी यंत्रातून काढलं, विषय संपला. पाच पिकं म्हणजे पाच वेळा काढणी, आणि खुरपणीला मजूर मिळत नाही. ‘मिश्र पीकपद्धती’ हे शब्द अहवालात फार गोड दिसतात. त्यामागे वाकलेली पाठ कुणाची, ते त्या गुळगुळीत पानांवर सहसा नसतं. बहुतेक वेळा बाईची असते.

तेवढ्यात आई बोलली, भांडी आवरता आवरता. ‘एकर नको मला. विहिरीजवळचे वीस गुंठे द्या. बी माझं, खत माझं, खुरपणी माझी. तुम्ही नुसती पाळी घालून द्या.’

‘बघू,’ अण्णा म्हणाले. आमच्या घरात ‘बघू’चा अर्थ ‘नाही’ असा होतो.

मग मी ग्रेट आयडिया काढली. वीस गुंठ्यांत सोयाबीन होणार किती? फार तर चार क्विंटल. हमीभाव होता ४८९२ रुपये, पण बाजारात चार हजाराच्या आसपास हात फिरत होता. म्हणजे सोळा हजार. पुण्यातल्या माझ्या फ्लॅटच्या एका महिन्याच्या भाड्याइतके! संध्याकाळी चुलीपाशी बसून आईला म्हटलं, मी देते अण्णांना तेवढे पैसे.

ती भडकलीच. ‘तू पैसे दिल्यावर रान माझं कसं होईल गं? ते तुझं होईल.’

मी गप्प झाले. परतीच्या गाडीत वाघावरची स्टोरी लिहिली, ती छापून आली, मानधनही वेळेवर आलं (हा खरा चमत्कार!). मोटिव्हेशन लेटरमधलं पहिलं वाक्य खोडलं. त्या जागी काय लिहायचं ते सुचेपर्यंत मुदत संपायला आली. घाईघाईत पाठवलं. उत्तर आलं नाही.

२०२५च्या जूनमध्ये फोन आला, अण्णांनी विहिरीजवळ पाळी घालून दिली. का दिली, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. घरात आदल्या वर्षीचं सोयाबीन भावाची वाट बघत पडलं होतं, एवढं मला माहीत आहे.

आईने बी कुठून कुठून जमवलं. गटातल्या बायकांकडून उडीद आणि मटकी, आत्याकडून वाल, शेजारच्या काकूंकडून अंबाडी. मूग, तीळ, बाजरी, भेंडी, गवार, तुरीच्या चार ओळी. व्हिडिओ कॉलवर ती मला एकेक रोप दाखवायची. मी ऑफिसांच्या लॉबीत इंटरव्ह्यूसाठी ताटकळत ते बघायचे.

आणि मग सप्टेंबर आला. २०२५चा तो पाऊस तुम्ही बातम्यांत बघितला असेल. नेहमी टँकरच्या बातमीत असणारा आमचा जिल्हा या वेळी पुराच्या बातमीत. आमचं साडेतीन एकर सोयाबीन पाण्यात उभं राहिलं, शेंगांना जागेवर कोंब फुटले. इथे मला लिहायला आवडलं असतं की आईचे वीस गुंठे तरले. तसं झालं नाही. तीळ गेला. तूर पिवळी पडून वाळली. बाजरी आडवी झाली. पण मूग आणि उडीद ऑगस्टमध्येच निघून घरात आले होते, डब्यांत भरले होते. कुंपणावर चढलेला वाल राहिला. बांधाकडेची अंबाडी राहिली. सगळी पिकं एकाच दिवशी शेतात उभी नव्हती, म्हणून सगळी एकाच दिवशी गेली नाहीत. अहवालवाले याला ‘रेझिलियन्स’ म्हणतात. आई म्हणाली, ‘वरणाचा प्रश्न मिटला.’ सोयाबीनच्या नुकसानीचा मिटला नव्हता. अण्णांनी त्या महिन्यात माझ्याकडून पहिल्यांदा पैसे घेतले. मीही ते कुणाला सांगितलं नाही, आत्ता इथे लिहितेय तेवढंच.

वाफसा आल्यावर तिने पुन्हा पेरलं. मेथी, चाकवत, वाटाणा, करडई, गाजर.

२०२५च्या येळवसीला मी एक दिवस आधीच पोचले. कुणाही संपादकाला फोटो नको होता. पहाटे तीनला आईबरोबर उठून दाणे सोलले. बाजारातून फक्त पावटा आणि गाजरं आली होती. गाजर आमच्याकडे आलंच नाही, करंगळीएवढं राहिलं. बाकी सगळं वीस गुंठ्यांतलं किंवा बांधावरचं.

रानात कोपीपुढे पंगत बसली तेव्हा आईला अचानक आठवलं. ‘काय गं, त्या बायकांना तिकडं काय दिलं होतं बक्षीस?’

‘दहा हजार डॉलर. संस्थेला.’

‘रुपयांत सांग.’

‘तेव्हाचे साडेसहा लाखांच्या वर.’

तिने मनातल्या मनात हिशेब केला असावा, कारण आंबील ओतता ओतता तिचा हात थांबला. ‘अन् तुमच्या पुण्यात एवढ्यात काय येतं?’

‘गाडी पार्क करायची जागा,’ मी म्हटलं.

ती हसली. अण्णांनी भज्जीत उंडा कुस्करला, एक घास घेतला आणि म्हणाले, ‘चिंच जरा जास्त झाली.’ आणि पुन्हा वाढायला ताट पुढे केलं.