दलालाची पारख

आमच्या गावाचे नाव ऐकले की परगावचा माणूस हसतो. ‘कोहिनूर’ म्हणजे हिराच की! परंतु बीदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यातील ह्या गावात हिरा कोणी पाहिलेला नाही. आमचे धन म्हणजे जमीन. तूर, ज्वारी आणि सोयाबीन पिकविणारी. ती विकण्याची पाळी ज्याच्यावर येते, त्याला बीदर आणि कलबुर्गी ह्या जिल्ह्यांच्या सीमेवर राहण्याची एक निराळीच अडचण कळून येते. घरात आम्ही मराठी बोलतो. आजोबांच्या वेळचे कागद निजामाच्या राजवटीतले, म्हणून उर्दूत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर जिल्हा त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला आणि पुढचे कागद कानडीत निघू लागले. मला कानडी बोलता येते. वाचताना मात्र मी अडखळत असे. अशा तीन भाषांमध्ये सापडलेल्या शेतकऱ्याला आपल्याच शेताचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, आणि वाचून देणारा तो दुसरा माणूस पुष्कळदा जमिनीचा दलाल असतो. म्हणून आमच्याकडे दलाल निवडताना आपले डोळेच त्याच्या हाती द्यावे लागतात.

काही वर्षांपूर्वी ही पाळी आमच्या घरावर आली. वडील जाऊन चार वर्षे झाली होती. त्यांनी मृत्युपत्र केले नव्हते. मागे आई, मी, धाकटा भाऊ आणि उमरग्याला दिलेली थोरली बहीण. तिला आम्ही अक्का म्हणतो. शेत ३ एकर २४ गुंठे. पाण्यासाठी घेतलेल्या दोन बोअर कोरड्या गेल्या, देणे वाढले, आणि त्यातच आईला उपचारासाठी सोलापूरला न्यावे लागले. अखेर रस्त्याकडचा एक एकर विकावयाचा, असे आम्हा दोघा भावांचे ठरले. ‘दोघा भावांचे’ असे मी मुद्दाम लिहितो, कारण अक्काला आम्ही विचारले नव्हते. वडिलांच्या पश्चात वारसांची नोंद करताना पहाणीत, म्हणजे महाराष्ट्रात ज्याला सातबारा म्हणतात त्या उताऱ्यात, आई आणि आम्ही दोघे भाऊ अशी तीनच नावे लागली होती. अक्काचे नाव लावावयाचे राहून गेले, असे मी लोकांना सांगत असे. खरे सांगावयाचे तर ते राहून गेले नव्हते. मी ते लावले नव्हते.

प्रथम मी एका तरुण दलालाकडे गेलो. तालुक्याच्या गावी त्याचे कार्यालय होते. भिंतीवर प्लॉटांचे रंगीत नकाशे लावलेले. बीदर ते कलबुर्गी रेल्वे २०१७ साली सुरू झाल्यापासून अशी कार्यालये माझ्या डोळ्यांदेखत वाढली आहेत. त्याने मला खुर्ची दिली, चहा मागविला आणि एकराचे पंधरा लाख मिळवून देतो असे सांगितले. तेही पंधरा दिवसांत.

अक्काचा विषय मीच भीत भीत काढला. तो हसून म्हणाला, “पहाणीत त्यांचे नाव नाही ना, दादा? मग त्यांच्या सहीचे काय काम? आईचा अंगठा आणि तुम्हा दोघांच्या सह्या पुरेत. मला मुखत्यारपत्र लिहून द्या, म्हणजे कचेरीत खेटे घालावयास नकोत.” इसाराचे पंचवीस हजार त्याने टेबलावर काढून ठेवले. वाचकहो, तो माणूस मला आवडला. माझ्या मनात जे होते, तेच तो तोंडाने बोलत होता.

मी सहीही करून आलो असतो. परंतु निघताना आईने बजावले होते की, चाचांना कागद दाखविल्यावाचून अंगठा देणार नाही. चाचा म्हणजे तहसील कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देणारे एक वृद्ध अर्जनवीस. उर्दू, कानडी आणि मराठी तिन्ही त्यांना सारख्याच अवगत. अधूनमधून जमिनीचे व्यवहारही ते जुळवीत. त्यांनी अर्धा तास कागद वाचले आणि पहिलाच प्रश्न विचारला, “तुझ्या बापाला मुली किती?”

“एक.”

“मग ती ह्यात कुठे आहे?”

मी उत्तर दिले नाही. तेव्हा त्यांनी मला समजावून सांगितले, आणि मागाहून एका वकिलांनीही तेच सांगितले, ते आपल्या प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या मालमत्तेची वाटणी १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे होते. विधवा आणि मुले मागे असतील, तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेल्या दोन तृतीयांशांत सर्व मुलांना समान वाटा. मुलगा आणि मुलगी असा भेद त्यात नाही. मुलगी विवाहित असो वा अविवाहित. आमच्या १४४ गुंठ्यांपैकी आईचे ४८ आणि आम्हा तिघा भावंडांचे प्रत्येकी ३२. पहाणीत नाव नसल्याने अक्काचा हक्क बुडत नव्हता. ती उद्या न्यायालयात गेली असती, तर घेणारा आणि विकणारे दोघेही अडचणीत आले असते.

“तिच्या सहीवाचून मी हे शेत कोणाला दाखविणार नाही,” चाचा म्हणाले. “आणि पंधरा लाख विसर. तुझ्या शेजारच्या शेतांची खरेदीखते मी पाहिली आहेत. बारा, फार तर साडेबारा.”

मला राग आला. दुसरा पंधरा देतो आहे, असे मी ऐकविले. चाचांनी कागदाची घडी करून माझ्या हाती दिली. “खुशाल जा त्याच्याकडे. पण त्याने आजवर ज्यांची शेते विकली, त्यांना एकदा भेटून ये.”

तरुण दलालाने मोठ्या खुशीने दोन नावे दिली. ते दोघे समाधानी होते. तिसरे नाव त्याने दिले नव्हते; ते मला बाजारात कळले. आळंदच्या बाजूच्या एका खेड्यात मी त्या वृद्ध शेतकऱ्याला भेटलो. त्याचा भाऊ वारला होता आणि विधवा भावजय त्याच घरात राहत होती. दलालाची चौकशी करताच तो म्हणाला, “माणूस फार हुशार. भावजयीची सही लागणार नाही, अशी तजवीज त्यानेच केली.” पुढे एका लग्नात त्याला शेत घेणारा भेटला आणि बोलण्याबोलण्यात कळले की, घेणाऱ्याने दिलेली रक्कम आणि आपल्या हाती आलेली रक्कम ह्यांत दोन लाखांचा फरक आहे. तो फरक मुखत्यारपत्राच्या आडून मध्येच जिरला होता. “तिला फसविले तेव्हा तो माझा माणूस होता,” वृद्ध म्हणाला. “मला फसविले तेव्हा तो कोणाचा माणूस होता?” आमचा चहा त्याच्या भावजयीनेच आणला. कपबशी खाली ठेवून ती काही न बोलता आत गेली.

परतीच्या बसमध्ये मला झोप लागली नाही. मी चांगला दलाल शोधीत आहे, असे मला वाटत होते. वास्तविक मी माझ्याशी प्रामाणिक आणि माझ्या बहिणीशी अप्रामाणिक असा दलाल शोधीत होतो. असा माणूस जगात मिळत नाही. जो आपल्यासाठी दुसऱ्याला फसवितो, तो दुसऱ्यासाठी, अथवा स्वतःसाठी, आपल्याला फसविणारच. मध्ये फक्त थोडे दिवस जातात.

दुसऱ्या आठवड्यात मी उमरग्याला गेलो. अक्काने सर्व ऐकून घेतले. “माझे नाव लावले नाहीस, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे,” ती म्हणाली. “तू आपण होऊन कधी सांगतोस, ह्याची वाट पाहत होते.” थोडा वेळ थांबून म्हणाली, “सही देईन. माझा वाटाही घेईन.” मी होय म्हटले. दुसरे काही म्हणण्याचा अधिकार मला नव्हता.

त्यानंतरचे काम चाचांकडे दिले. त्यांनी प्रथम वारसांचा फेरफार दुरुस्त करविला. दलाली शेकडा दोन, तीही नोंदणी होऊन घेणाऱ्याचे नाव पहाणीत लागल्यावर, असे दोन कागदांवर लिहून एक मला दिला. यिर्मयाने अनाथोथचे शेत सतरा शेकेल रुप्याला घेतले, तेव्हा साक्षीदारांपुढे रुपे तोलून खरेदीखताची एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी ठेवविली होती. व्यवहार उजेडात करण्याची ही रीत फार जुनी आहे.

गिऱ्हाईक शेत पाहावयास आले, तेव्हा चाचांनी आपण होऊन सांगितले की, पावसाळ्यात खालच्या अंगाला पाणी साचते. मी त्यांना बाजूला घेऊन रागे भरलो. ते म्हणाले, “अरे, उद्या तो तुझा शेजारी होणार आहे. पहिल्या पावसात त्याला कळेलच. मग तो तुझ्याशी कसा वागेल?” व्यवहार १२ लाख ६० हजारांत ठरला. चार महिने लागले. बसवकल्याणला दुय्यम निबंधकांच्या कचेरीत आम्ही चौघांनी सह्या आणि अंगठे केले. आईला ४ लाख २० हजार आणि आम्हा भावंडांना प्रत्येकी २ लाख ८० हजार. दलालीचे २५,२०० आम्ही ह्याच प्रमाणात दिले. माझे सर्व देणे त्यात फिटले नाही. साठ हजार उरले. ते फेडावयास दोन सुग्या लागल्या. प्रामाणिक दलालाने मला श्रीमंत केले, असे मी म्हणणार नाही. परंतु त्या दोन वर्षांत मी रात्री निवांत झोपत असे.

ह्या अनुभवातून जे शिकलो, ते थोडक्यात सांगतो. दलालाने किती किंमत सांगितली, ह्यावरून त्याचे कर्तृत्व मोजू नये. मोठा आकडा पुष्कळदा आपली सही मिळविण्यापुरताच असतो. त्याने जुळविलेले किती व्यवहार फेरफारापर्यंत सुखरूप पोहोचले आणि किती वादात अडकले, हे त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन विचारावे. त्याने न दिलेल्या नावांकडे अवश्य जावे. आजूबाजूच्या शेतांची नोंदलेली किंमत त्याला ठाऊक आहे काय, हे पाहावे. तो दोन्ही बाजूंकडून दलाली घेणार असेल, तर ते दोन्ही बाजूंना आधी कळले पाहिजे. इसार मालकाच्या हाती, पावतीवर, शक्य तर बँकेतून यावा. मुखत्यारपत्र म्हणजे विक्री नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही ते हाती असलेला माणूस आपल्या वतीने खरेदीखत करून देऊ शकतो. म्हणून ते सहजासहजी कोणाला देऊ नये.

घेणाऱ्यांनीही सावध असावे. पहाणी, जुने फेरफार आणि बोजाचा दाखला हे कागद चांगला दलाल न मागता दाखवितो. अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांना सरकारने दिलेली जमीन कर्नाटकात १९७८ च्या कायद्यानुसार सरकारच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही. अशी खरेदी रद्द होऊ शकते. हे जो लपवितो, तो दोन्ही घरांचे नुकसान करतो.

कायद्याचा आधार आहे, पण त्याची मर्यादाही ओळखावी. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे, नोंदणी आवश्यक असलेल्या प्रकल्पातील प्लॉट किंवा घर विकून देणाऱ्या दलालाला स्वतःची नोंदणी करावी लागते, हिशेब ठेवावे लागतात आणि गिऱ्हाइकाला सर्व कागद मिळवून द्यावे लागतात. महाराष्ट्रात तर २०२३ पासून अशा दलालांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा आली. तेव्हा शहरात प्लॉट घेताना नोंदणीचा क्रमांक अवश्य विचारावा. परंतु खेड्यातील शेताची साधी विक्री जुळविणारा दलाल ह्या नोंदणीखाली येत नाही. त्याच्यासाठी १८७२ चा करार अधिनियमच आहे. मालकाच्या संमतीवाचून दलालाने मधल्यामध्ये स्वतःसाठी व्यवहार करून नफा मिळविला, तर तो मालकाला मागता येतो; आणि कामात गैरवर्तन करणाऱ्याला त्या कामाचा मोबदला मागण्याचा हक्क नाही. मात्र हे सर्व न्यायालयात सिद्ध करीत बसण्यापेक्षा आधी माणूस पारखणे बरे.

चाचा आता हयात नाहीत. जाण्यापूर्वी त्यांनी मला कानडी पहाणी वाचावयास शिकविले. उरलेल्या २ एकर २४ गुंठ्यांच्या उताऱ्यावर आज चार नावे आहेत आणि ती मी कोणाच्या मदतीवाचून वाचतो. त्यांतले चौथे नाव अक्काचे आहे.

वाचक बंधुभगिनींनो, जमिनीसाठी दलाल निवडावयाचा असेल, तर त्याने आपल्या किती गोष्टींना होकार दिला हे मोजू नका. आपण चुकीचे काही मागितले तेव्हा त्याने ‘नाही’ म्हटले काय, एवढे पाहा. तसा माणूस भेटला, तर दोन पैसे आणि चार महिने अधिक गेले तरी त्याला सोडू नका.