कथील पाघळलं की

आमच्या गावी, इंझोरीत, घरासमोर लिंबाखाली कल्हईवाला भट्टी मांडायचा. भाता ओढायला मी हौसेने बसायची. पातेलं तापलं की तो नवसागर भुरभुरवायचा आणि कथलाची कांडी आत टेकवायचा. कांडी पाघळली, की कापसाच्या बोळ्याने एका हातात सगळं भांडं चांदीसारखं. नाही पाघळली, तर मला म्हणायचा, अजून ओढ. कथील 231.9 अंश सेल्सियसला वितळतं हे मी कितीतरी वर्षांनी शिकले. त्याला आकडा ठाऊक नव्हता, खूण ठाऊक होती. आज मी पुण्यात ज्या यंत्रावर काम करते, त्याचं अंशांकन याच खुणेवर चालतं.

*

यंत्राचं नाव लांबलचक, डिफरन्शियल स्कॅनिंग कॅलरीमीटर. आम्ही डीएससी म्हणतो. आत दोन जागा. एकीवर नमुना भरलेला ॲल्युमिनियमचा इवलासा पॅन, दुसरीवर तसाच रिकामा. दोघांना एकाच चालीने तापवायचं. नमुना वितळायला लागला की तो जास्तीची उष्णता पितो, रिकामा पॅन पीत नाही. हा फरक यंत्र टिपतं आणि पडद्यावर एक शिखर उमटतं. शिखर कुठे सुरू झालं यावरून तापमान कळतं, त्याच्याखालच्या क्षेत्रफळावरून उष्णता. 1962 मध्ये अमेरिकेत पर्किन-एल्मर कंपनीतल्या वॉटसन आणि ओ'नील यांनी हे तंत्र उभं केलं.

*

पडद्यावर आकडा नेहमीच येतो. खरा असो वा खोटा, तेवढ्याच ठळक अक्षरांत येतो. म्हणून नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी नमुना देत नाही. इंडियम देते.

*

इंडियम नखाने दाबलं तरी खूण उमटावी इतका मऊ धातू. 1863 मध्ये जर्मनीत फ्रायबर्गला राइख आणि रिश्टर यांना तो सापडला. राइख यांना रंग नीट ओळखता येत नसत, म्हणून वर्णपट बघायचं काम रिश्टरकडे आलं, आणि त्यांना निळीच्या रंगाची, आधी कुणी न पाहिलेली रेघ दिसली. नाव त्या निळीवरूनच पडलं. आपल्या डोळ्यांवर विसंबता येत नाही हे ओळखून राइख यांनी दुसऱ्याचे डोळे मागितले, हे मला त्या शोधाइतकंच मोठं वाटतं.

*

शुद्ध इंडियम 156.5985 अंशांना वितळतं. 1990 च्या आंतरराष्ट्रीय तापमान-मापनश्रेणीत तो एक ठरलेला बिंदू आहे. एक ग्रॅम वितळवायला सुमारे 28.6 जूल लागतात. हे दोन आकडे यंत्राला आमच्याकडून कळतात.

*

आजची वही. इंडियम 6.20 मिलिग्रॅम. यायला हवे होते 177.3 मिलिजूल, आले 172.0. गुणक 1.031. शिखराची सुरुवात 157.3 वर, म्हणजे तापमान 0.7 अंशांनी पुढे. दोन्ही दुरुस्त्या भरल्या, मग नवा तुकडा घेऊन पुन्हा चालवलं. दुसरा तुकडा आधीच्या दुरुस्तीला दुजोरा देत नाही तोवर वहीत सही करत नाही.

वजनकाट्याने 0.1 मिलिग्रॅमची चूक केली तर उष्णतेत दीड टक्क्याहून जास्त फरक पडतो. म्हणून आधी काटा, मग डीएससी.

*

पहिलं वितळणं सोडून द्यायचं. तुकडा पॅनमध्ये कसाही, एका कोपऱ्यावर टेकलेला असतो. एकदा वितळून थिजला की तळाला सपाट चिकटतो. दुसऱ्या वेळचं शिखर धरायचं.

*

मिनिटाला 20 अंशांनी तापवलं की शिखर पुढे सरकतं, 5 अंशांनी तापवलं की मागे येतं. इंडियम तेच, वितळबिंदूही तोच. फक्त भट्टीची ऊब पॅनमधून नमुन्यापर्यंत पोचायला वेळ लागतो आणि तेवढ्यात भट्टी पुढे गेलेली असते. म्हणून ज्या वेगाने काम करायचं त्याच वेगाने अंशांकन. भट्टीत नायट्रोजन वायूच्या जागी हेलियम सोडला, तरी पुन्हा पहिल्यापासून.

*

एका बिंदूवर सबंध पट्टी खरी धरता येत नाही. वर कथील, त्याच्या वर जस्त 419.5 ला. जस्त मात्र ॲल्युमिनियमच्या पॅनशी सलगी करतं आणि मिश्रधातू व्हायला लागतं. ते एकदाच वितळवायचं, वर रेंगाळू द्यायचं नाही, दर खेपेला तुकडा ताजा. खाली शून्याजवळ काम असेल तर शुद्ध पाणी.

विशिष्ट उष्णता मोजायची तर नीलमची चकती. रिकामा पॅन, मग नीलम, मग नमुना, अशा तीन फेऱ्या. प्रयोगशाळेतला हा नीलम माणसाने घडवलेला, काचेसारखा बिनरंगी.

*

बाबांना यातलं काय सांगावं असा प्रश्न पडायचा. मग आठवली विहिरीवरची काळी पाइप.

पाण्याच्या पॉलिथिलीन पाइपसाठी आपल्याकडे आयएस 4984 हे मानक आहे. पाइपचा बारीकसा तुकडा डीएससीत 200 अंशांवर ऑक्सिजनमध्ये धरतात आणि तो किती वेळ तग धरतो ते बघतात. 20 मिनिटं तरी टिकला पाहिजे. त्यात घातलेलं संरक्षक द्रव्य कमी असेल, तर तो आधीच जळायला लागतो.

आता समजा यंत्र तीन अंशांनी चुकलंय, पडद्यावर 200 आणि आत 203. ऑक्सिडेशनचा वेग तापमानाबरोबर भराभर वाढतो. चांगली पाइप नापास होईल. आत 197 असेल, तर हलकी पाइप पास होईल आणि कुणाच्या तरी शेतात वेळेआधी तडकेल. त्या शेतकऱ्याला इंडियमचं नावही कधी कळणार नाही.

*

फोनवर हे सगळं सांगून झालं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुह्या यंत्राले इंडियम हाय. आमच्या सोयाबीनच्या मीटरले काय हाय वं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आधीच्या हंगामात एकाच पोत्यातला माल त्यांनी दोन ठिकाणी दाखवला होता. एका मीटरवर ओलावा 11, दुसऱ्यावर 14. हमीभावाच्या खरेदीत मर्यादा 12 टक्क्यांची. एका आकड्याने माल आत, दुसऱ्याने बाहेर. दोन्ही मीटरच्या पडद्यावर अक्षरं तेवढीच ठळक.

*

सोयाबीनलाही खूण आहे. पूर्ण दाणे 103 अंशांच्या ओव्हनमध्ये 72 तास ठेवायचे. वजनात जितकी घट आली तितकं पाणी होतं. मीटर दाण्यांचे विद्युत गुणधर्म बघून ओलाव्याचा अंदाज करतं, ओव्हन थेट पाणीच काढून घेतो. मीटरचं इंडियम म्हणजे ओव्हन.

*

दिवाळीत घरी गेले. ओसरीत बसून बाबांनी आणि मी ढिगातलं किलोभर सोयाबीन नीट कालवलं, दोन बरण्यांत दाबून भरलं, झाकणं मेणाने बंद केली. एक बरणी घरी, एक माझ्यासोबत पुण्याला.

15.000 ग्रॅम ठेवले, 72 तासांनी 13.125 उरले. तीन वेळा केलं, तिन्ही आकडे जुळले. 12.5 टक्के.

म्हणजे आमचा माल मर्यादेच्या अर्ध्या टक्क्याने वरच होता. त्यावर 11 दाखवणारं मीटर आमच्या बाजूने खोटं बोललं असतं. बाबांना आधी हेच सांगितलं. ते म्हणाले, "मंग दोन उन्हं अजून देतो. पन बरनी तशीच ठेवतो."

*

माल विकायला नेला त्या दिवशी बाबांनी पोतं उघडायच्या आधी पिशवीतून बरणी काढली. झाकणावर चिकटपट्टी, तिच्यावर त्यांच्या अक्षरात 12.5.

"पह्यले हे मोज बापा. मंग माह्यं."

मीटरने 13.8 दाखवले. मोजणाऱ्या पोराने पुन्हा मोजलं, पुन्हा 13.8. त्याने बरणीकडे पाहिलं, मीटरकडे पाहिलं, आणि बाबांना विचारलं की हे बारा पूर्णांक पाच कसं काढलं. बाबा तिथल्याच पोत्यावर बसले आणि त्याला कल्हईवाल्यापासून सांगायला लागले.