पालेर्मोतली चार लिप्यांची पाटी

बी.ई.च्या तिसऱ्या वर्षाला असताना एका सत्रासाठी इटलीला जायची संधी मिळाली. सिसिली बेटावरचं पालेर्मो शहर. घरच्यांना वाटलं, पोरगा परदेशात कॉम्प्युटर शिकणार. तिथे पोहोचल्यावर कळलं की इंग्रजीतून शिकवले जाणारे तांत्रिक विषय मोजकेच आहेत आणि क्रेडिट भरायला आणखी एक विषय घ्यावा लागेल. वेळापत्रकात बसणारा एकच होता: भूमध्य समुद्राकाठचा इतिहास आणि संस्कृती. दहावीनंतर मी इतिहासाचं पुस्तक उघडलं नव्हतं. बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "हे मार्कशीटवर येणार का?"

आले. पण मार्क आता आठवत नाहीत. त्या विषयातली एक पाटी मात्र अजून डोळ्यांसमोर आहे.

नकाशात सिसिली इटलीच्या बुटाच्या टोकाशी दिसते. आफ्रिकेहून युरोपात जाणारा आणि पूर्वेहून पश्चिमेला जाणारा, दोघांच्याही वाटेत ती येते. त्यामुळे तिथे ग्रीक आले, रोमन आले. 831 मध्ये पालेर्मो अरबांनी घेतलं आणि 1072 मध्ये उत्तरेकडून आलेल्या नॉर्मन लोकांनी. 1130 मध्ये त्यांच्यातला दुसरा रॉजर राजा झाला, तेव्हा त्याच्या प्रजेत ग्रीक बोलणारे होते, अरबी बोलणारे होते, ज्यू होते आणि लॅटिनमध्ये प्रार्थना करणारेही होते.

आमच्या बाई वर्गात कमी आणि शहरात जास्त शिकवायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी रॉजरच्या महालातलं प्रार्थनामंदिर दाखवलं. भिंतींवर सोनेरी मोझाइकमध्ये ख्रिस्ताची चित्रं, वर लाकडी छत अरबी धाटणीचं, आणि त्या छतावर अरबी अक्षरं. मंदिराजवळच्या भिंतीत 1142 सालचा एक लेख बसवलेला आहे. राजाने जलघड्याळ बनवून घेतल्याची ती नोंद, लॅटिन, ग्रीक आणि अरबी अशा तीन भाषांत. घड्याळ गेलं, डॉक्युमेंटेशन राहिलं. मी मोठ्याने हसलो. का हसलो ते बाईंना समजावताना माझी धांदल उडाली.

ती पाटी पाहिली झीसा नावाच्या जुन्या महालात. तिथे आता संग्रहालय आहे. पाटी लहानशी, संगमरवरी, 1149 सालची. ग्रिझान्तो नावाच्या, राजाच्या पदरी असलेल्या एका ख्रिस्ती धर्मगुरूने आपल्या आईच्या थडग्यासाठी ती करून घेतली. आईचं नाव आन्ना. मध्ये क्रूस, डावीकडे लॅटिन, उजवीकडे ग्रीक, खाली अरबी आणि वर हिब्रू अक्षरं. प्रत्येक मजकुरात साल वेगळ्या पद्धतीने मोजलेलं: कुठे ख्रिस्तापासून, कुठे जगाच्या निर्मितीपासून, कुठे हिजरी.

बाई म्हणाल्या, "वरचा मजकूर नीट समजून घ्या. अक्षरं हिब्रू आहेत, पण भाषा अरबी आहे. इथले ज्यू घरात अरबी बोलायचे आणि लिहायचे आपल्या लिपीत."

मला एकदम आमचं दांडिया बाजारातलं घर आठवलं. आजी दूधवाल्यासाठी दाराच्या कडीला चिठ्ठी अडकवायची: "काले दूध ना लावशो." भाषा गुजराती, अक्षरं आजीची देवनागरी. ती पुण्याहून लग्न होऊन बडोद्याला आली, गुजराती कानाने शिकली, पण त्या लिपीच्या वाटेला कधी गेली नाही. दूधवाल्याला वाचता यायचं, दूध बरोबर बंद व्हायचं. लहानपणी मला त्या चिठ्ठीची लाज वाटायची. मित्र घरी आले की मी ती आधी काढून खिशात घालायचो. आणि इथे साडेआठशे वर्षांपूर्वीची तसलीच चिठ्ठी काचेमागे ठेवलेली होती.

त्या रात्री आजीला फोन केला. पाटीचं ऐकून घेतलं आणि तिने विचारलं, "तिथे वांगी मिळतात का रे?" मिळत होती, बाल्लारोच्या बाजारात ढिगाने. मी भरीतही केलं होतं. पुढे वर्गात कळलं की वांगी, लिंबू, ऊस हे सगळं त्या बेटावर अरबांबरोबर आलं. नारिंगाला इटालियनमध्ये 'अरांचा' म्हणतात. तो शब्द आपल्या नारंगाचाच, फारसी आणि अरबीतून फिरत गेलेला.

इथवर सगळं छान वाटतं. शेवटच्या तासाला बाईंनी उरलेली गोष्ट सांगितली. रॉजर गेल्यावर काही वर्षांतच, 1161 मध्ये, पालेर्मोत मुसलमानांच्या कत्तली झाल्या. 1220 नंतर त्याचाच नातू, सम्राट दुसरा फ्रेडरिक, याने सिसिलीतल्या मुसलमानांना बेटावरून उचलून दक्षिण इटलीतल्या लुचेरा गावी नेऊन वसवलं. 1300 मध्ये तीही वस्ती मोडली. 1492 मध्ये ज्यूंना बेट सोडायचा हुकूम निघाला. त्या पाटीच्या चारपैकी दोन मजकुरांचे वाचक असे संपले.

शब्द मात्र राहिले. पाण्याच्या हौदाला सिसिलीचा शेतकरी 'जेब्बिया' म्हणतो, तिळाला 'जुज्जुलेना', संत्र्याच्या फुलाला 'झागारा'. तिन्ही अरबी मुळाचे. पण त्यांना जोडून अरबी वाक्य बोलणारं घर तिथे राहिलं नाही.

हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं, ते आता कळतंय. बडोद्यात कुठल्याही गाडीवर 'सेव उसळ' मागा. देणारा गुजराती, खाणारा गुजराती, 'उसळ' शब्द आपला. आम्हाला त्याचं फार कौतुक. पण एखादा शब्द दुसऱ्यांच्या तोंडी टिकला म्हणजे भाषा टिकली असं नाही, हे सिसिलीने मला दाखवलं. आपल्याला तर कोणी हाकललेलं नाही. आपल्याकडे वाक्यं गेली तर ती आपल्याच स्वयंपाकघरातून जातील.

माझी मुलगी सात वर्षांची आहे. तिला आमटी, थालीपीठ, आजोबा, पणजी हे सगळं कळतं. पण मी मराठीत विचारलं की उत्तर गुजरातीत येतं, नाहीतर इंग्रजीत. बायको सुरतेची, गुजराती. तिची भाषाही मुलीला यायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. म्हणून आम्ही एवढंच ठरवलं की रात्रीच्या जेवणाला बाबांशी मराठीत बोलायचं. शब्द अडला तर गुजराती चालेल, वाक्य मराठी हवं. पहिला महिना मुलगी जवळजवळ मुकीच जेवली. मीच विचारायचो आणि मीच उत्तर द्यायचो.

परवा ऑफिसातून आलो तर फ्रिजवर चिठ्ठी होती. शाळेतल्या हिंदीमुळे देवनागरी तिला येते. लिहिलं होतं: "बाबा मी खाली रमायला गेली आहे."

'रमायला' म्हणजे खेळायला, गुजराती 'रमवुं'वरून. मी ते दुरुस्त केलं नाही. चिठ्ठी काढून खिशात घातली. या वेळी जपून ठेवायला.